पुस्तक कोणी धरायचं

नोकरी बदलायची म्हणून मी जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या वेबसाइट बनवायच्या संगणकी भाषा शिकवणारं जाडजूड पुस्तक आणलं. डोंबिवलीच्या घरातल्या छोट्या टेबलावर ते उघडं राहीना. मग बायको शेजारी बसून ते धरायची, मोठ्याने वाचायची आणि मी टाइप करायचो. एकदा ती पुस्तकात न बघताच, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अरे, तुझा कंस उघडाच राहिलाय." मी हसलो, पण वेबपेज काही चालेना. कंस बंद केला, तेव्हा चाललं. त्यानंतर टाइप ती करायला लागली आणि पुस्तक मी धरलं.

आता ती वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत वेबसाइट बनवते. माझी नोकरी जुनीच आहे. पाहुण्यांना ती सांगते, "मला यानेच शिकवलं." मीही गंभीरपणे मान डोलावतो.