आईच्या हातातलं रेझर

त्या वर्षी मद्रासला देवीची साथ आली आणि वेस्ट मांबलममधली न्हाव्यांची दुकानं सक्तीने बंद झाली. आमच्या गल्लीत रोज वाद होई. "हॉटेलं चालतात, मग सलूनच का बंद?" असं म्हणत दाढी वाढलेले कारकून बंद दारासमोर चिडून उभे राहत.

अप्पा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. एरवी न्हावी घरी येऊन त्यांची दाढी करी, पण आता परवाना जाईल म्हणून तो यायला धजेना. खाजेने अप्पांचा डोळ्याला डोळा लागत नसे.

एका सकाळी आईने कपाटातून त्यांचं जुनं रेझर काढलं. शेजारच्या मामी दारातूनच म्हणाल्या, "अगोबाई, बायकोनं नवऱ्याची दाढी करायची?"

"मग कोण करणार, सांगा ना," आई म्हणाली.

आईने अप्पांच्या गालांना साबण लावला. तिला त्यांच्या चेहऱ्याला हात लावताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. हनुवटीखाली थोडं रक्त आलं, तशी ती घाबरून थांबली.

"थांबू नकोस," अप्पा डोळे मिटूनच म्हणाले, "बरं वाटतंय."

सलूनं उघडण्याआधीच अप्पा गेले. तोवर त्यांची दाढी आईच करत होती.