सगुणाची वाचा

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय — की जन्मभर मास्तर म्हणून मान घेतला, आणि एका सात वर्षांच्या पोरीशी मी... थांबा, नीट सांगतो.

पोलादपुराहून कुडपणकडे चढताना एक वाडी लागते. तिथं माझी पहिली शाळा, देवळाच्या पडवीत. दुसऱ्या दिवशी दिपोटी, म्हणजे शाळाखात्याचे साहेब, तपासणीला यायचे होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. वाक्प्रचार घोकून घेत होतो. 'डोळ्यांत तेल घालून राखण करणे' म्हटलं, तर दुसरीतली सगुणा उभी राहिली — "मास्तर, मग डोळं झोंबत नायत?" सगळी पोरं खिदळली. मी सांगितलं, अगं, ती बोलायची रीत असते, तसं खरंच कुणी करत नाही. तिला पटेना. मग खरं कुठलं ते कसं वळखायचं, म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. माझ्या हातात बोरू तासायचा चाकू होता. तो तिच्यावर रोखून मी म्हणालो, आता तोंड उघडलंस तर जीभ कापून ठेवीन.

असं कोण म्हणत नाही? घरोघरी म्हणतात. पण हातात चाकू धरून?

साहेबांपुढे ती गप्प बसली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. आठ दिवसांनी तिची आई तिला घेऊन पायरीशी आली. "मास्तर, पोर घरातबी बोलत नाय. शाळंत काय झालं काय?" मी बोरू तासत बसलो होतो. सगुणानं माझ्या हाताकडे पाहिलं — आणि दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

तिला ते खरं वाटलं होतं. आठ दिवस ही पोर आपली जीभ वाचवत होती!

एक वाक्य पुरलं असतं — बाळ, मी ते उगाच म्हणालो. पण आई विचारणार, काय म्हणालात? नवी नोकरी, गावभर बोभाटा... भूतखेत सगळं थोतांड म्हणून पोरांना शिकवणारा मी, मी म्हणालो, "वाटेत काही बाधलं असेल. भगताला दाखवून बघा."

भगतानं विळा तापवून तिच्या गळ्यावर दोन डाग दिले. ती "आये" म्हणून किंचाळली. वाचा आली, म्हणाले सगळे.

पंधरा दिवसांनी आई तिला घेऊन पुन्हा आली, खुशीत. मास्तरांनी वाट दाखवली म्हणून पोर बोलती झाली, म्हणाली. माझ्यासाठी शेरभर वरीचे तांदूळ आणले होते. मी घेतले.

"पाया पड गो मास्तरांच्या."

सगुणा वाकली. गळ्यावरची जखम अजून ओली होती. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.