पंचवीस ग्राम मोरचूद आणि गेलेले नऊ ग्राम

आधी माझी तक्रार. पंचवीस ग्राम मोरचुदातले नऊ ग्राम कुठं गेले, हे मला अजून कुणी नीट पटवून दिलेलं नाही. आता सर्वांना नमस्कार. कळंबच्या कॉलेजात सायन्स शिकवलेल्या शेख सरांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांच्या सत्कार समितीच्या लोकांनी मलाही लिहायला सांगितलं. मी चौथी शिकलेली बाई, चुकलं तर तुम्ही सुधारा.

सरांची माझी पहिली ओळख भांडणातून झाली. माझी नात वैष्णवी कळंबला अकरावी सायन्सला होती. सरांनी पोरांना सांगितलं, घरातला एखादा क्षार आणा, त्याच्या मोलचा दहावा भाग तोलून पाण्यात विरघळवा. मोल म्हणजे कणांची ठरलेली मोजणी म्हणे. पोरीनं माझा मोरचुदाचा डबा नेला. पुस्तकातून हिशोब काढला, पंचवीस ग्राम. तोलले बरोबर, पण मोरचूद आणलेल्या बाकीच्या पोरांपेक्षा तिचं पाणी गडद झालं. सरांनी वहीवर फुली मारली. घरी येऊन पोरगी म्हणाली, "आजी, मला सायन्स जमत न्हाय. मी आर्ट्सला जाते."

मी शाखा बदलायचा अर्ज आणि तो डबा घेऊन एसटीनं कळंब गाठलं.

"करा सही," मी म्हणाले. "पोरीनं तुमच्याच पुस्तकावरनं केलं, तरी चूक कशी?"

"सही करतो, आजी. आधी डबा दाखवा."

सरांनी डबा उघडला. "हे पांढरं का?"

"शेळ्यांच्या खुरांना लावते म्या. तव्यावर भाजून ठेवते. वलं ऱ्हात न्हाय."

सर हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी कपाटातला निळा मोरचूद पंचवीस ग्राम तोलला, चिनी मातीच्या बशीत घालून जाळावर ठेवला. वर थंड ग्लास उलटा धरला. ग्लासाला आतून थेंब आले. बशीतलं पांढरं झालं. पुन्हा तोललं, तर सोळाच ग्राम.

"नऊ कुठं गेलं? तुमी खाल्लं?"

"पाणी होतं, आजी. निळ्याच्या एका कणाजवळ पाण्याचे पाच कण बसलेले असतात. तव्यावर ते उठून गेले. मोरचुदाचे कण तेवढेच, वजन कमी. मोल तोच, ग्राम वेगळे."

"कोरड्या खड्यात पाणी? मला येडी समजता व्हय?"

"नाही. पण तुमच्या नातीला सोळाच ग्राम घ्यायला पाहिजे होते. ते मलाच आधी कळायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या वर्गासमोर वहीवरची फुली स्वतःच्या हातानं खोडली. "हिचं गणित बरोबर होतं, डबा मी बघितला नव्हता," असं म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसानं पोराटोरांपुढं चूक कबूल केलेली मी कधी पाहिली नव्हती. अर्ज वैष्णवीनं फाडला. मी नाही फाडला, हे लिहून ठेवा.

मला मात्र अजून कळलेलं नाही. सरांनी त्या पांढऱ्यावर पाणी शिंपडलं, तर बशी गरम झाली आणि ते परत निळं झालं. म्हणजे पाणी परत बसलं. पण पाचच कसं बसतं? वर वाटीभर ओतलं तरी सहावं का बसत नाही? कोण मोजतं? सर दोन वेळा सांगायला बसले. मी मान हलवली. खोटं सांगत नाही, काही कळलं नाही.

सर, तुमचे गुडघे चालत राहोत, डोळ्यांना तराजूचा काटा स्पष्ट दिसो, आणि नव्वदीतही कुणाची वही तपासायची हौस राहो. पण आता जरा बसा.

सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या खोलीत आता वैष्णवी शिकवते. म्हणून सांगते, सत्काराच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसून हाच प्रश्न विचारणार आहे. सरांनी तोंड उघडायचं नाही. उत्तर वैष्णवीनंच द्यायचं, उभं राहून, सगळ्यांसमोर.