काकूंच्या छपरावरचं तांबं

आधी काकूंचं सांगतो, बाकीचं मागून. काकूंनी त्या दुपारी छपरावरची तार उतरवून दिली नसती तर मी इंदुरात टिकलो नसतो. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मिलच्या चाळीतल्या त्यांच्या घराची मागची पडवी मला राहायला मिळाली होती, एवढाच संबंध. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून काकूच म्हणतो. तेव्हाही तेच म्हणायचो.

माझी शाळा आठवीत सुटली. वडील गेले, आई मला घेऊन मामाकडे आली, आणि तिथे माझ्या ताटात दुसरी भाकरी पडली की मामी कुठे बघते हे मला कळायला लागलं. गाव खानदेशातलं. ओळखीच्या एकाने मला इंदुरात आणून साउंडवाल्याच्या दुकानात लावलं. लग्न, जागरण, निवडणूक, जिथे बोलावतील तिथे भोंगे बांधायचे, माइक लावायचे, आणि बिघडलेलं दुकानात बसून दुरुस्त करायचं. मी मुळातच भित्रा. शेठ जरा जोरात खाकरले तरी वाटायचं, झालं, आता गावच्या गाडीत बसवतात. परत जायला मला जागा नाही, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. काकूंना ते न सांगता कळलं होतं.

काका मिलच्या साचेखात्यात होते. शेकडो माग एकदम चालतात तिथे जन्म गेला, तसे कानही गेले. त्या खात्यातली माणसं आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात, कारण ओरडूनही उपयोग नसतो. काका-काकू घरातही तसेच बोलत. मी राहायला आलो तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, दोघांचं भांडण झालंय. मग एकदा बघितलं, काकू ओठ हलवून काहीतरी सांगताहेत आणि काका खो-खो हसताहेत. पुढे मलाही थोडं थोडं वाचता यायला लागलं.

मिल बंद पडली होती. पण 'बंद' हा शब्द चाळीत कोणी वापरत नसे. 'सध्या थांबली आहे' म्हणत. कोर्टात आहे, भोपाळहून कोणी येणार आहे, नवा मालक बघून गेला. आतली यंत्रं कोणी गुपचूप हलवू नयेत म्हणून कामगार गेटवर पाळीपाळीने बसत. यंत्रं जागेवर असली तरच मिल सुरू होईल, एवढं सरळ गणित. काका रोज दुपारी जेवून, धुतलेला सदरा घालून, कामावर निघाल्यासारखे गेटवर जात.

आणि संध्याकाळी बातम्या. घरात वाल्वचा जुना रेडिओ होता. काकू त्याला कान लावून बसत, काका समोर त्यांच्या तोंडाकडे बघत. बातम्या संपल्या की काकू वळत आणि ओठ हलवत: 'काही नाही.' काका मान डोलवून चहाचा कप उचलत. हे रोजचं.

इंदुरात अनंत चतुर्दशीला मिलवाल्यांच्या झांक्या निघतात. गाड्यांवर देवादिकांचे देखावे, मोटरवर फिरणारे हात, हलणाऱ्या माना, झगमग दिवे. सगळं शहर रस्त्याच्या कडेला सतरंज्या टाकून बघायला बसतं. मिल थांबली म्हणून झांकी थांबायची नाही, असा कामगारांचा हट्ट होता. वर्गणी काढली, सुतारकाम, रंगकाम स्वतः केलं. आवाजाचं काम आमच्या दुकानाला आलं. मोठा सेट त्यांना झेपण्यासारखा नव्हता. शेठनी अँप्लिफायरचा एक मोडका डबा, जुना ट्रान्सफॉर्मर आणि भंगारातले दोन-चार पार्ट माझ्यापुढे सरकवले.

"इसी में से बना. बज गया तो रुक जा, नई बजा तो चौदस के बाद सीधा गाँव. अपने को फालतू आदमी नहीं पालना, भिया."

बाकीचे हसले. मीही हसलो आणि डबा पुढ्यात ओढला.

अँप्लिफायर बनला. वाजलाही. पण त्याच्या पोटात मधमाश्यांचं पोळं बसल्यासारखी सारखी भणभण. माइकवर कोणी बोललं की बोलण्यामागे भणभण, गप्प बसलं तर नुसतीच भणभण. झांकीची मोटर जवळ लावून बघितली, तर बोलणंच बुडालं. दुकानातल्या जुन्या मिस्त्रींनी झाकण उघडून एकदाच आत डोकावलं.

"अर्थिंग कच्चा है तेरा. मोटा नंगा तांबा डाल, इस सिरे से उस सिरे तक, और सब उसी पे उतार दे."

नंगं तांबं. म्हणजे वर रबर नाही, लाख नाही, नुसती तार. मला हवी होती जेमतेम दोन हात. वायरच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने वरपासून खालपर्यंत बघितलं. "बंडल लेना पडेगा. काट के नहीं देते." दुसरीकडे गेलो तर तिथेही बंडल. मोटर बांधणाऱ्याकडे तांब्याच्या रिळांचा ढीग होता, पण सगळी लाख चढवलेली. त्याने दया येऊन एक तुकडा दिला. मी दिवसभर ब्लेडने लाख खरवडत बसलो. कुठे निघाली, कुठे नाही. टाका बसतो आहे असं वाटायचं आणि बोट लागलं की सुटायचा. भणभण तशीच.

शेवटी खजराण्याकडच्या एका भंगारवाल्याकडे नंग्या तारेचं भेंडोळं मिळालं. जाळून वरचं रबर काढलेलं, काळं पडलेलं, पण जाड. पिशवीत टाकलं आणि जीव भांड्यात पडला. चाळीकडे जायचा जवळचा रस्ता मिलच्या गेटवरून. मी त्याच रस्त्याने निघालो. पिशवीत तांबं घेऊन गेटवरून जाणं चाळीत राहणाऱ्याने तरी करायला नको होतं.

"ए भिया, थांब जरा," गेटवरच्या एकाने हाक मारली. "पिशवीत काय घेऊन राहिलास?"

"तार आहे. दुकानाची."

एकाने पिशवी उघडली. "अरे, तांबं! बघा, तांबं घेऊन चाललाय पठ्ठा!"

"विकत आणलंय, खजराण्याहून. भंगारातून."

"आणि भंगारवाल्याकडे कुठून आलं? त्याच्या परसात उगवलं?"

"जळलेलं आहे," दुसरा म्हणाला. "मिलच्या केबलचं. चोर लोक जाळूनच विकतात."

"अहो, तुमच्याच झांकीचं काम आहे. अँप्लिफायरमध्ये घालायचंय."

"झांकी आपल्या जागी, मिल आपल्या जागी."

काका त्यांच्यात बसले होते. त्यांना ऐकू येत नव्हतं, शेजाऱ्याने ओठांनी सांगितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, काळजीने. तेवढ्यात एका दांडग्या कामगाराने भेंडोळं हातात तोललं आणि गेटवरून आत भिरकावलं. "मिलचं मिलमध्ये." आत गुडघाभर गवत माजलं होतं, पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग त्यानेच मला बाकावर बसवलं, चहा मागवला. "मनाला लावून घेऊ नको. चहा पी. झांकी मात्र एकदम फर्स्ट क्लास वाजली पाहिजे हं." सगळे मान डोलवत होते. ती तार त्या मिलची होती की नाही, देव जाणे. मी रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.

घरी येऊन ट्रंक काढून दोन शर्ट घडी करून ठेवले. काकांनी सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी काका गेटवर गेल्याबरोबर काकूंनी पदर खोचला.

"शिडी आण."

"काय झालं काकू?"

"आण म्हणते ना."

छपरावर दोन बांबूंच्या मध्ये रेडिओची एरिअल ताणलेली होती. पिळाची, जाड, पूर्ण नंगी तार. रोज त्या तारेखालून जायचो आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"काकू, नको. रेडिओ?"

"रेडिओचं मी बघते. तू शिडी नीट धर. मला पाडलंस तर तुझं काम राहील आणि ह्यांचा स्वयंपाक पण."

मला दोनच हात हवी होती, पण काकूंनी सगळीच उतरवली. तार काळी-हिरवी पडली होती. काकूंनी ती मोरीपाशी घेतली आणि चिंच-मिठाने घासली, देवाची भांडी घासतात तशी, वीत वीत करत. खालून लालसर तांबं वर यायला लागलं. घासता घासता म्हणाल्या, "ह्यांच्या पहिल्या बोनसचा रेडिओ. तेव्हाच ह्यांनी ही बांधली. गेटवर कोणी अडवलं तर सांग, ही माझ्या घरची आहे. माझं नाव सांग."

माझ्यावर नाव सांगायची वेळ आली नाही, लांबच्या रस्त्याने गेलो. दुकानात तार डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसवली, सगळं अर्थिंग तिच्यावर उतरवलं. बटण दाबलं आणि काहीच ऐकू आलं नाही. वाटलं, चालूच होत नाही आता. मग माइकवर हळूच टिचकी मारली, आणि समोरच्या भिंतीवरची धूळ हलली.

झांकी निघाली. आवाज काचेसारखा स्वच्छ. काका गाडीच्या बाजूने चालत होते, एक तळवा स्पीकरच्या लाकडावर टेकवलेला, आणि आवाज उठला की त्यांच्या चेहऱ्यावर कळत होतं. शेठ म्हणाले, "टिक गया तू." ट्रंकेतले शर्ट मी परत खुंटीला लावले.

रेडिओचं मला त्यानंतर कळलं. तो म्हातारा झाला होता, एरिअलच्या जोरावरच बोलायचा. आता त्यातून फक्त खरखर येत होती. संध्याकाळी मी पडवीतून बघितलं: काकू नेहमीसारख्या कान लावून बसलेल्या, काका समोर. खरखर चालू. बातम्यांची वेळ संपली तशा काकू वळल्या आणि ओठ हलवले. 'काही नाही.' काकांनी मान डोलवली, कप उचलला.

मी दुसऱ्या दिवशी दुकानातून रबराची वायर घेऊन आलो. एरिअलला काय, कोणतीही चालते. "काकू, पाच मिनिटांत लावून देतो."

त्या तांदूळ निवडत होत्या. "राहू दे."

"पण तुम्हाला ऐकू तर काही येत नाही."

"म्हणूनच राहू दे." थोडा वेळ खडे काढत राहिल्या. "खरं काय ते कधी ना कधी त्यातून येणारच आहे बाळा. ते माझ्या कानात आधी येणार, आणि मग मी ह्यांच्याकडे तोंड फिरवायचं. ते मला जमायचं नाही. खरखर बरी."

मी वायर गुंडाळून परत नेली. तोवर मला वाटत होतं की काकूंनी माझ्यासाठी तार दिली. दिलीच होती. पण त्या दुपारी शिडीवर चढताना त्यांनी स्वतःचंही काहीतरी उतरवून ठेवलं होतं, आणि ते कळल्यावर मला रडू आलं.

ते आलंच. रेडिओवरून नाही, गेटवरून. यंत्रं लिलावात निघायची, कोर्टाचा निकाल झाला. चाळीत दुपारी कळलं. बायका दारात उभ्या होत्या. काका नेहमीच्या वेळी परतले. मी अंगणात सायकल पुसत होतो. ते आत न जाता थांबले आणि वर बघितलं, त्या दोन मोकळ्या बांबूंकडे. नवीन काही दिसल्यासारखं नाही, रोज बघतात तसं. मग माझ्याकडे वळून ओठ हलवले, सावकाश, मला वाचता यावं म्हणून.

'तार नाही, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिला सांगू नको.'

मी मान हलवली.

त्या संध्याकाळीही दोघं बसले. काकूंना शेजारणीकडून कळलेलं होतं, काकांना गेटवर कळलेलं होतं. रेडिओ खरखरत होता. काकू कान लावून बसल्या, वेळ झाली तशा वळल्या आणि ओठ हलवले. 'काही नाही.' काकांनी मान डोलवली. कप उचलला, पण प्यायले नाहीत, नुसता हातात धरून बसले. मी पडवीत उभा होतो आणि मला आत जाता येईना, बाहेरही जाता येईना.

पुढचं फार नाही. काका गेटवर जायचे थांबले, मग घराबाहेर पडायचे थांबले, आणि एका हिवाळ्यात गेले. शेवटचे काही दिवस काकू त्यांच्याशी ओठांनीच बोलत होत्या. बघणाऱ्याला वाटावं नुसत्या गप्प बसल्या आहेत. मग चाळ रिकामी करायला लावली. काकू सुदामा नगरला भाच्याकडे गेल्या. मी शेठकडे बरीच वर्षं काम केलं, मग इंदूरही सुटलं. आता जिथे आहे तिथे मराठी बोलायला माणूस सापडत नाही, पण काम साउंडचंच आहे, आणि दुकान माझं आहे. अजूनही रोज सकाळी कुलूप उघडताना वाटतं, की आज कोणीतरी येऊन म्हणेल, चल, गाडीत बस.

काकूंना फोन करतो. भाचा चांगला आहे, भाचेसून चांगली आहे, सगळे चांगले आहेत, असं त्या सांगतात. पण फार हळू आवाजात सांगतात. दुसऱ्याच्या घरात राहणारी माणसं तशी बोलतात, मला तो आवाज ओळखू येतो. "तुझं बरं चाललंय ना? मग झालं," म्हणतात आणि फोन ठेवायची घाई करतात.

दुकानाच्या वर एक खोली आहे. सध्या तिच्यात खोकी भरली आहेत. ती मी रिकामी करणार आहे. चुना मारून घेणार, पंखा लावणार, आणि इंदूरला जाऊन काकूंना घेऊन येणार. त्या नको म्हणतील. मी ऐकायचा नाही. त्यांनी मला राहायला जागा दिली आणि मग ती टिकवूनही दिली. याची फेड पुरी व्हायची नाही, हे मला कळतं. पण एक दिवस काकू त्या खोलीत बसून मला खालून मोठ्याने हाक मारतील, स्वतःच्या घरात मारतात तशी, तेवढं मी करणार आहे.