आदेश बाईसच्या रेकॉर्डिंगमधला आवाज

आधीच सांगते, भूत-बीत, आत्मा असल्या गोष्टी निघाल्या की आमच्या घरात सगळ्यात आधी हसणारी मीच. त्यात कायद्याची विद्यार्थिनी... "पुरावा काय?" हा माझा पहिला प्रश्न. आणि शिक्षण सगळं हिंदीत झालंय, मराठी लिहायची सवय नाही, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

आम्ही देवासचे. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे मी, पण सीपीसी – म्हणजे दिवाणी दावा कसा चालवायचा त्याचे नियम – या एका पेपरात दोनदा नापास झालेय. बाकीच्या विषयांत निदान माणसं तरी असतात. इथे नुसते आदेश, नियम, मुदती... पुस्तक उघडायचं आणि लगेच मिटायचं, एवढंच. बाबांनी सांगूनच टाकलं होतं, "या वेळी नापास झालीस तर बस झालं, बी.एड. कर."

मग मी एकेक आदेश, म्हणजे त्या कायद्यातलं एकेक प्रकरण, मोठ्यानं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागले, येता-जाता ऐकायला. त्या रविवारी दुपारी आदेश बाईस, म्हणजे बाविसावा, वाचला. दावा चालू असताना पक्षकार वारला तर नव्वद दिवसांत वारसांची नावं चढवायची, नाही तर त्याच्यापुरता दावा संपतो. हिंदीत याला 'उपशमन' म्हणतात. मला वाटायचं, ताप उतरतो तसं काहीतरी! खोलीचं दार बंद, पंखासुद्धा बंद. घरात फक्त आई, तीही स्वयंपाकघरात.

सोमवारी सकाळी धारला निघाले. तिथे माझे आतोबा वकील आहेत, त्यांच्या ऑफिसात त्या दिवसापासून महिनाभर इंटर्नशिप. इंदूरला बस बदलली, इअरफोन लावले. माझाच रडका आवाज – "नब्बे दिन के भीतर..." – आणि मधेच कुणीतरी खोकलं. म्हातारा माणूस. अगदी मोबाइलला तोंड लावल्यासारखा.

"बेटी, नाम चढ़वा दे. दो दिन बचे हैं. मांगीलाल... निसरपुर वाला."

पुढे परत माझं वाचन, जराही न अडखळता.

रेकॉर्डिंग आईला पाठवलं. तिचा लगेच फोन, "अगं, हे आजोबा कोण? कुणाला घरात घेतलं होतंस?"

वाटेतलं घाटाबिल्लोद येईपर्यंत मी ते सात वेळा ऐकलं.

आतोबांना खरं सांगायची हिंमत नव्हती. दोनदा नापास पोरगी, आता डोकंही फिरलं म्हणतील! दुपारी चहा देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आतोबा, निसरपूरचे कुणी मांगीलाल आहेत का आपल्याकडे?"

"आहेत की. गाव धरणाच्या बुडितात गेलं, बदली प्लॉट मिळाला, त्यावर दुसऱ्यानंच भिंत घातलीय, त्याचाच दावा. का गं?"

"ते... बरे आहेत ना?"

आतोबांनी चष्म्यावरून पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, फोन लावला. मुलानं उचलला.

"वकील साब, बाबूजी तो चल बसे. सोचा, अगली तारीख पे बता देंगे."

आतोबांनी तारीख विचारली, कॅलेंडर काढून दिवस मोजले. परत मोजले. नव्वदावा दिवस उद्या होता.

"उशीर माफ करून घेता येतो," ते म्हणाले, "पण समोरचा वकील कसला सोडतोय! बस, टाइप कर."

अर्ज मी टाइप केला. प्रत्येक ओळीला वाटत होतं, माझ्या हातून काही राहिलं तर? मंगळवारी मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन आला, अर्ज दाखल झाला. मग कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्याच्या कानात इअरफोन दिला.

ऐकता ऐकता तो खालीच बसला. "बाबूजी ही हैं." मग इअरफोन काढून म्हणाला, "पर दीदी, ये कब का है? बाबूजी को तो लकवा था. तीन साल से मुँह से एक शब्द नहीं निकला था उनके."

परवाचं, म्हटलं. तो वाद घालत बसला नाही. "मुझे भेज दो, माँ को सुनाना है."

ज्या माणसाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, त्याचा आवाज देवासच्या बंद खोलीत कसा आला? आणि माझ्याकडेच का? दाखवायला पुरावा आहे, उत्तर नाही. तेव्हापासून मी एकही आदेश रेकॉर्ड केलेला नाही... हात बटणापर्यंत जातो आणि परत येतो.

अर्ज दाखल झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाचा मेसेज आला होता – "माँ सुबह से वही सुन रही है. आपवाला हिस्सा भी काटने नहीं देती."