डावीकडची सीट

गाडीच्या शोरूममध्ये शिरलं की गुणवंतराव थैलीतून पंचा काढत, उजव्या गुडघ्याला करकचून बांधत आणि डावीकडचं दार उघडून आत बसत. उतरत, पुन्हा बसत. स्टिअरिंगला त्यांनी कधी हात लावला नाही. मी सोफ्यावर टेकलेला असे. अमरावतीची शोरूमं संपवून आम्ही अकोल्याची धरली होती आणि मी अगदी कंटाळून गेलो होतो. आता गुणवंतराव नाहीत; पण नवी गाडी दिसली की माझी नजर अजून आधी तिच्या डाव्या सीटवर जाते.

आम्ही एकाच शाळेत मास्तर होतो. ते भातकुलीकडच्या शेतकरी घरातले, बोलायला रोखठोक. त्यांच्या बायकोचे, सुमनवहिनींचे, गुडघे गेले होते आणि जुनी गाडी इतकी बसकी, की त्यांना दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढावं लागे. अकोल्याला माहेरच्या दारात, सगळ्या भावजयांसमोर, एकदा असं ओढून काढलं आणि वहिनींनी माहेरी जाणंच सोडलं. तिथे त्यांची म्हातारी आई खाटेवर पडून वाट बघत होती. "आता आपल्या पायानं उतरता येईन तवाच जाईन," वहिनींनी सांगून टाकलं होतं.

"मग घ्या ना ती मोठी, उंच गाडी," मी एकदा वैतागून म्हणालो.

"थे पेट्रोल ढोसते, मास्तर. सुमनचा सोभाव तुमाले माईत नाई. काटा खाली गेला का म्हनन, राहू द्या, पुढच्या महिन्यात जाऊ. मले उंच बी पायजे अन् कमी पेनारी बी."

सेल्समन मोठ्या स्क्रीनचं कौतुक सांगू लागला की त्याला म्हणत, "बापू, ज्याचा गुडघा दुखते त्याले टीव्ही दिसत नाई. सुमन आपल्यानं उतरन का, थे सांग."

पंच्याने वहिनींसारखा ताठ केलेला गुडघा घेऊन बसून बघावं, तर कुठे उंबरा उंच, कुठे दार अरुंद. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हेच चाललं. शेवटी मनासारखी गाडी मिळाली, दारात नारळ फुटला, रविवारी अकोल्याला जायचं ठरलं. शुक्रवारी सकाळीच फोन आला. आई गेली होती.

वहिनी डावीकडच्या सीटवर बसल्या, गुणवंतराव मागे; गाडी मी चालवली. मूर्तिजापूर मागे पडलं. मग मागून ते एवढंच म्हणाले, "लय पाहत बसलो मी, मास्तर." मला फार वाईट वाटलं.

माहेरच्या अंगणात माणसं जमली होती. दारात भावजया उभ्या होत्या. गुणवंतरावांनी लगबगीने डावीकडचं दार उघडलं, सवयीने हात पुढे केले आणि आठवण होऊन मागे घेतले. वहिनींचे पाय अलगद जमिनीला टेकले होते. सीट बरोबर त्यांच्या मापाची होती. पण त्या उठल्या नाहीत.

"उतरता येते मले," त्या म्हणाल्या. "पन जिले दाखवाचं होतं थे गेली. धरा."

आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी दोन्ही हात पुढे केले.