पळवून लावलेल्या साळुंक्या

गेल्या फाल्गुन शुद्ध अष्टमीला, सकाळी नऊच्या ठोक्याला, अमरावतीच्या राजापेठेतल्या वाचनालयात माझ्या आईच्या मामांचा अपमान झाला. आणि जुनी पोथी अख्ख्या वऱ्हाडात त्यांच्याइतकी कोणाला कळत नाही, हे मी जुनी काव्ये छापणाऱ्या तिथल्या समितीच्या तोंडावर सांगायला तयार आहे.

मामाजी भातकुलीचे माळी. झेंडू, वांगी पिकवतात आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या काव्याची आजोबांच्या हातची नक्कल मळ्यात बसून वाचतात. घरात वाचत नाहीत, कारण घरात पडताळा मिळत नाही. पोथीत कोकीळ आली की ती खरोखर ऐकू येईपर्यंत वाचन बंद. एका माघात अशा अडलेल्या ओवीवर ते महिनाभर बसले आणि मामींनी वांगी एकटीने तोडली. कीर्तनात बुवांनी हंस दूध-पाणी वेगळे करतो म्हणताच हे उठून उभे. "महाराज, तुमी सोता पाहेलं का? आमच्या तळ्यावर बगळा येते, थो तर हाय तेही पाणी गढूळ करते." बुवांनी आरतीच सुरू केली.

हीच पोथी समितीने छापायला नेली. तीत एक ओळ अशी, की रान पेटले आणि साळुंक्या त्या आगीत जेवायला बसल्या. समितीत दोन वकील आणि मध्यप्रांताच्या सगळ्या परीक्षा पास झालेले एक हेडमास्तर. नक्कल करणारा चुकला असे ठरवून त्यांनी साळुंक्या 'पळाल्या' केल्या. मी कच्चा छापील कागद दाखवताच मामाजी पळसाची फुललेली फांदी खांद्यावर टाकून अमरावतीपर्यंत चालत आले.

अध्यक्ष वकीलसाहेबांनी आधी फांदी पाहिली, मग म्हातारा. "फुलं दाराशी ठेवा. हार तिथे ओवतात."

"हाराची नाही जी. हे तुमची आग हाय," मामाजी म्हणाले. "पानं झडते, झाड पेटल्यावानी दिसते, अन् साळुंकी फुलातला मध पिते. पोथीवाल्यानं डोयानं पाहेलं. तुमी कावून पळवली तिले?"

"सूचना लेखी द्या. शुद्ध भाषेत," हेडमास्तर म्हणाले. शिपायाने फांदी चपलांशेजारी नेऊन टाकली.

परवा मळ्यात साळुंकी ओरडली. मामाजींची मान वर झाली, हात सवयीने मांडीवर पोथी चाचपू लागला. पोथी समितीच्या कपाटात आहे. "शिकेल माणसं हायेत बापू," ते हळूच म्हणाले, "माहंच चुकलं असन." अपमान मी गिळला असता, हे वाक्य गिळवत नाही.

पक्की छपाई अजून व्हायची आहे. वाचकहो, राजापेठेत जा, समितीतल्या एकाला तरी हाताला धरून भातकुलीच्या वाटेवरच्या पळसाखाली उभे करा, आणि ओळ होती तशी छापण्याचे कबूल करेपर्यंत त्याला सोडू नका.